मार्शमेलोच्या वड्या
कढईत लोणी वितळायचा वास आला की शिनोलीतलं ते लक्ष्मीपूजन आठवतं. पुण्याहून आलेल्या मोठ्या जाऊबाईंनी माझ्या चिवड्याचा डबा बाजूला सारला. "फार तेलकट गं, आमची मुलं शिवणार नाहीत," असं सगळ्यांसमोर म्हणाल्या आणि माझ्याच कढईत लोण्यावर मार्शमेलो वितळवून त्यात कॉर्नफ्लेक्स कालवले. ताटात थापून गुलाबी वड्या पाडल्या, त्यांचं कोण कौतुक झालं, आणि चिकट कढई मात्र घासायला माझ्यापुढं आली. रिकामं पाकीट उचलताना त्यावरची मांसाहाराची लाल खूण मला दिसली. मी ते पदराआड धरून गप्प राहिले. जाऊबाईंनी वड्यांचा नैवेद्य दाखवला, मग एक वडी माळकरी सासूबाईंच्या हातावर ठेवली. ती ओठांपाशी गेली तेव्हा मी म्हणाले, "आई, खाऊ नका, ह्यात जनावराच्या हाडाकातड्याचं जिलेटिन हाय," आणि पाकीट समईच्या उजेडात धरलं. सासूबाई जाऊबाईंना एवढंच म्हणाल्या, "हे उचल, आन् देवीपुढची जागा पुसून काढ." पैठणी खोचून जाऊबाई फरशी पुसत होत्या, मी उभी राहून बघत होते. आता त्या दर दिवाळीला मुकाट्यानं माझा चिवडा खातात. तेलकट झालाय का, असं मी सगळ्यांसमोर विचारते. यंदाही विचारलं.