दिनूकाकांचं टेहळणीचं विमान

दिनूकाका गेले त्याला सहा आठवडे झाले. बातमी मला कुणी सांगितली नाही. मी तिथेच होतो. उलट मीच ती डब्लिनभर फोन करून सांगितली...

काका रिटायर्ड इंजिनिअर, आणि भलतेच हट्टी. गॅरेज रिकामं करून त्यांनी पहिल्या महायुद्धातल्या टेहळणीच्या विमानाची हुबेहूब नक्कल बांधायला घेतली. एकावर एक दोन पंख, लाकडी सांगाडा, वर ताणलेलं कापड. सात वर्षं! "यावर बंदूकसुद्धा नव्हती रे," ते सांगत. "शत्रूवरून जायचं, बघायचं, परत यायचं." "आणि नाही आलं तर?" "मग दुसरं पाठवायचे," म्हणून हसले. मला ते हसू आवडलं नाही. दर शनिवारी पंखांमधल्या तारा आम्ही दोघं तपासायचो. मी मुलखाचा शंकेखोर. "याचा आपला नन्नाचा पाढा," असं ते चारचौघांत चिडवायचे.

पहिलं उड्डाण दसऱ्यालाच करायचं, हे त्यांनी केव्हाच ठरवलेलं. साडेतीन मुहूर्तांतला एक! गवताच्या धावपट्टीवर इथल्या मराठी मंडळाची चाळीस माणसं जमली. प्रोपेलरला हार घातला, नारळ फुटला. आपटा कुठला मिळायला, म्हणून शैलाकाकूंनी मेपलची पानं सोनं म्हणून तबकात मांडलेली. त्या कुंकू लावायला वळल्या आणि वाऱ्याने तबक रिकामं केलं. सगळे हसले. काका मात्र वारा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे बघत होते. ती ताठ आडवी झाली होती.

इंजिन सुरू झाल्यावर त्यांनी मला खुणेने बोलावलं. "कॅन्सल करू या का रे?" माझ्या कानाशी विचारलं. मी मागे पाहिलं. कॅमकॉर्डर रोखलेले, पोरं "गो आजोबा!" ओरडत होती. इतक्या लोकांत आपण पुन्हा मोडता घालायचा? लाज वाटली मला, खोटं कशाला बोलू! "मुहूर्त आहे काका, एकच चक्कर मारा," म्हणालो. झाडांवरून वळताना डावा पंख खाली गेला... तो वर आलाच नाही.

परवा काकूंकडे गेलो. गॅरेजमध्ये कापडाला लावायच्या व्हार्निशचा वास अजून तसाच आहे. काकू दारातच उभ्या राहिल्या. "सकाळी म्हणाले होते, वारा वाढला तर त्याला विचारीन, तो हो म्हणाला तरच उडेन. तू नकोच म्हणाला असशील ना? पण ऐकतील तर शपथ! या हट्टासाठी मी त्यांना कधी माफ करणार नाही," म्हणाल्या आणि रडू लागल्या. मी नुसती मान हलवली, चहा घेतला आणि निघून आलो.

काकू, हे ज्यात छापून येतंय ती रविवारची पुरवणी तुम्ही वाचता. काकांनी विचारलं होतं. मी हो म्हणालो.