पत्रे आळीचे ठिपके

“ठिपका एकटा बोलत न्हाई, बाई.” आमचे गणिताचे सर दिवसातून एकदा तरी हे म्हणायचे. म्हणताना आलेखाच्या कागदावर पेन्सिलीचं टोक टेकवायचे आणि वर हलकी फुंकर मारायचे. कुणी कुणाबद्दल ऐकीव काही सांगू लागलं की लगेच, “एकावरनं बोलू नका. धा-वीस ठिपके मांडा, मग बोला.” चहाड्या करायची आम्हा शिक्षकांची सोयच त्यांनी बंद करून टाकली होती.

सत्तर सालानंतरचं दौंड. मी तिथल्या शाळेत चित्रकला शिकवायची. सर मूळचे शिरूरचे आणि माझं माहेरही तेच, म्हणून माझ्याशी ते घरच्या बोलीत मोकळेपणानं बोलत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दोन गोष्टी शेजारी दिसल्या की त्यांचं आपसात काही नातं आहे का, हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. एकदा सरांनी आडव्या रेघेवर मुलांच्या पावलांची लांबी आणि उभ्या रेघेवर त्यांचे गणिताचे गुण घेऊन दर मुलामागे एक ठिपका मांडला. कागदभर मोहरी सांडल्यासारखी दिसत होती. “काय संबंध न्हाई,” सर खूश होऊन म्हणाले, “ह्येबी कळाया पायजे की!” मी पोट धरून हसले.

शाळेमागे पत्रे आळी होती. पत्र्याच्या धान्याच्या कोठ्या, पेट्या, दिवसभर ठोकाठोक. आळीतली माणसं उर्मट, असा गावभर बोलबाला. दुकानासमोर उभं राहून हाका मारा, मान वर करायची नाहीत. एकदा मी तणतणत शिक्षकांच्या खोलीत आले आणि म्हणाले, “जितका जुना पत्रेवाला, तितका जास्त माजोरडा!”

सरांनी कागद पुढे ओढला. “मांडू या की. पर माज कसा मोजनार? कान मोजू, तेवढं तरी जमंल.”

आळीच्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी एकेकाला चहाला म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेत बोलावलं. डोळे मिटायला सांगायचं, मनगटावरचं घड्याळ काढून कानापासून हळूहळू लांब न्यायचं, टिकटिक ऐकू येईनाशी झाली की पट्टीनं अंतर घ्यायचं. आडव्या रेघेवर कामाची वर्षं, उभ्या रेघेवर हे अंतर. ठिपके मी मांडत होते. एका म्हाताऱ्याच्या कानाला घड्याळ जवळजवळ भिडलं होतं. तो डोळे मिटून शांतपणे म्हणाला, “लावा की सर घड्याळ. किती येळ बसवताय?”

माझी पेन्सिल जागच्या जागी थांबली. सरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

कागद पुरा झाला तेव्हा नव्या पोरांचे ठिपके डावीकडे वर होते. वर्षं वाढत गेली तसा घोळका खाली उतरत गेला आणि उजव्या टोकाला तळाच्या रेघेवर जाऊन बसला. “वयामुळं असेल,” मी म्हटलं. सर तेवढ्यावर थांबणारे नव्हते. त्याच वयाचे कापडदुकानदार त्यांनी गाठले आणि त्यांचे ठिपके हिरव्या शाईनं मांडले. ते बरेच वर राहिले. मी हादरले. सगळं गाव ज्यांना उर्मट म्हणत होतं, त्यांना गावाची हाक ऐकूच जात नव्हती.

मग मी सहज, अगदी सहज विचारलं, “सर, तुमचे वडीलही पत्र्याचंच काम करायचे ना? किती वर्षं?”

सरांनी आडव्या रेघेवरून बोट सरकवत नेलं. उजवीकडे, आणखी उजवीकडे, कागद संपेपर्यंत. तिथून अंतर वाचायला ते वर जायला हवं होतं. गेलं नाही, तळाच्या रेघेवरच राहिलं.

“बाई, मला शिकायचं व्हतं,” ते म्हणाले. “आबांचं म्हननं, दुकानात बस. निघताना उंबऱ्यात हुबा ऱ्हाऊन इचारलं, आबा, जाऊ का ऱ्हाऊ? तुम्ही म्हनाल तसं. ते पाठमोरे बसून कोठीचं झाकण ठोकत व्हते. वळलेबी न्हाईत. मला वाटलं, तोंड बघायचं न्हाई माझं.”

तेव्हापासून सर दिवाळीला तेवढे घरी जात. आई आधीच गेलेली. बापलेक चार शब्दसुद्धा न बोलता जेवून उठत.

“पण घोळक्यावरून एकट्या माणसाचं थोडंच ठरतं?” मी धीर द्यायला म्हटलं.

“म्हनून तर जायाचं. आन् तुम्ही या संगं. एकट्याची हिंमत न्हाई माझी.”

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही शिरूरची एसटी धरली.

आबा अंगणात आमच्याकडे पाठ करून शेंगा फोडत बसले होते. “आबा,” सर म्हणाले. काही नाही. पुन्हा, जोरात, “आबा!” शेजारीण दारात येऊन बघू लागली. आबांनी आणखी एक शेंग फोडली आणि दाणे सुपात टाकले. मला रडू आवरेना.

सर पुढे जाऊन त्यांच्यासमोर उकिडवे बसले. आबांची नजर थेट सरांच्या ओठांवर गेली. “कवा आलास?”

“आबा, घर सोडताना म्या तुमाला इचारलं व्हतं. जाऊ का ऱ्हाऊ?”

“कवा?”

“तुम्ही पाठमोरे व्हता. झाकण ठोकत व्हता.”

आबांच्या मुठीतल्या शेंगा खाली पडल्या. “मला वाटलं,” ते म्हणाले, आणि आवाज एवढा मोठा की शेजारीण दचकली, “येका शब्दानं न सांगता गेलास. म्या वळलो तवा उंबऱ्यात कुनीच न्हवतं.”

एवढी वर्षं दोघेही दुसऱ्याच्या मुक्या रागावर रागावून बसले होते, आणि राग मुळात कुणालाच नव्हता.

आबांनी दोन्ही हातांनी सरांचा चेहरा धरला. “जा म्हनलो असतो रं,” ते म्हणाले. “पर जेवून जा म्हनलो असतो.”

जूनपासून सर शिरूरच्याच शाळेत लागले, मग दौंडला परतले नाहीत. पुढं आमची फारशी गाठ पडली नाही. त्या शनिवारी मी निघाले तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. तरी आबांनी चूल पेटवली होती आणि दोन पाट मांडले होते. शेजारी शेजारी नाही, समोरासमोर.