वांती-भेदीचं रजिस्टर

जाहिरात अण्णानं कापून आणली होती. माझा हा थोरला भाऊ बेळगावात खासबागेत खोली घेऊन राहायचा, एका वकिलाकडं टायपिस्ट होता, आणि वर्तमानपत्रातलं काहीबाही कापून खिशात घालायची त्याला खोड होती. आखाती देशातल्या एका इस्पितळाला तातडीच्या विभागासाठी नर्सा हव्या होत्या. व्हिसा, विमानाचं तिकीट, राहणं, सगळं त्यांच्याकडून. एकोणऐंशी-ऐंशीच्या सुमाराची ही गोष्ट. मी तेव्हा बोरगावकडून निपाणीला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात, सरकारी दवाखान्यात नर्स होते. त्या गावाला, त्या दवाखान्याला आणि खरं सांगायचं तर स्वतःलाही कंटाळले होते.

आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. तिला व्हिसा कळला, विमान कळलं, पण स्पॉन्सर म्हणजे काय ते काही केल्या कळेना.

"तिथला एक मानूस आपल्याला जामीन ऱ्हातो," अण्णानं सांगितलं. "तवा तिथलं सरकार आत घेतंय."

"जामीन?" आई माझ्याकडं वळली. "का गं, काय केलंस तू?"

आम्ही दोघं हसलो. पण तिला समजावता समजावता माझाच गोंधळ वाढला. ज्या माणसानं मला कधी पाहिलं नाही, तो माझ्याबद्दल हमी कशाची देणार होता? लोक आजही म्हणतात, घरासाठी गेलात, आईला वखारीतून सोडवायला गेलात. तेही झालं पुढं. पण तेव्हा तसलं काही थोर मनात नव्हतं. मला जायचं होतं, बस्स. जिथं विभागाच्या दारावर विभागाचं नाव लिहिलेलं असतं, अशा ठिकाणी मला काम करायचं होतं.

पहिलं कोडं नोंदणीचं निघालं. मी शिकले मिरजेला, नोकरी कर्नाटकात. बेळगावच्या कचेरीतला कारकून म्हणाला, तुमचं शिक्षण बाहेरचं, आम्ही दाखला कसा देणार? मुंबईच्या नोंदणी कचेरीचं पत्र आलं, तुमची नोकरी बाहेरची, तिकडून दाखला आणा. मिरज ते निपाणी एस्टीनं एका दुपारचा प्रवास. तेवढ्यात मी दोन्हीकडून परकी झाले. समुद्र ओलांडायच्या आधीच बाहेर शिकलेली नर्स म्हणून माझी वरात निघाली होती. अण्णानं रजा टाकून चार खेपा मारल्या, कारकुनाशी कानडीत गोड बोलला, घरी येऊन त्याला मराठीत शिव्या घातल्या, आणि शेवटी एका कागदावर दोन्हीकडचे शिक्के मिळाले.

मग नर्सा परदेशी पाठवणाऱ्या एजन्सीच्या फॉर्ममधली अट आली. मागच्या तीन वर्षांत तातडीचे किती आणि कसले रुग्ण हाताळले, त्याचा दवाखान्याच्या रजिस्टरमधला उतारा, डॉक्टरांच्या सहीनिशी. वाचून मी खूश झाले. ही अट माझ्यासाठीच लिहिली आहे असं मला वाटलं.

कारण आमच्या दवाखान्यात दुसरं होतंच काय? आमचा भाग तंबाखूचा, आणि तंबाखूवर मारायचं औषध घरोघरी चुलीमागं, नाहीतर आढ्याला. भांडण झालं, मार बसला, की हात तिकडं जायचा. बायकाच जास्त. बैलगाडीतून, जीपमधून, कधी खाटेवर घालून आणायचे. तोंडाला फेस, अंगाला त्या औषधाचा वास, बुब्बुळं मोहरीएवढी बारीक. डॉक्टर धारवाडकडचे होते आणि राहायला निपाणीत. ते येईपर्यंत नळी घालून पोट धुवायचं, विष उतरवायला ॲट्रोपिनची सुई टोचत राहायची आणि डोळ्यांकडं बघत बसायचं. दर सुईला मी खाटेशेजारच्या भिंतीवर खडूनं एक रेघ मारायची. बुब्बुळं मोठी झाली, तोंड कोरडं पडलं, की बाई वाचली. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. करता करता हात बसला होता, आणि त्याचा मला गर्व होता.

दुपारी ओपीडी संपल्यावर मी तीन वर्षांची रजिस्टरं टेबलावर काढली, पेन्सिल घेतली आणि पानं उलटायला लागले. पहिलं संपलं, दुसरं संपलं. तिसऱ्याच्या मध्यावर मी पेन्सिल खाली ठेवली. तीन वर्षांत आमच्या दवाखान्यात विष प्यालेलं एकही माणूस आलेलं नव्हतं.

ते सगळं मीच लिहिलेलं होतं. रजिस्टर कानडीत ठेवायचं असायचं. सरकारी परीक्षेपुरती शिकलेली माझी कानडी लंगडी, पण 'वांती-भेदी' हा शब्द मी डोळे मिटून लिहीत असे. ओकारी आणि जुलाब. विष लिहिलं की पोलीस केस. मग फौजदार येणार, नवऱ्याला नेणार, घर उघड्यावर पडणार, धाकट्या नणंदेची सोयरीक मोडणार. नातेवाईक खाटेशी हात जोडून उभे राहायचे आणि मी लिहायची, वांती-भेदी. भाजून आलेलीला 'दूध उतू गेलं', डोकं फुटलेलीला 'पायरीवरून पडली'. डॉक्टर खाली सही करायचे आणि नजर वर करायचे नाहीत. आधीच्या नर्सबाईनंही असंच लिहिलं होतं. मला ती माया वाटायची. आता तीन रजिस्टरं समोर घेऊन बसल्यावर ती काय होती ते मला सांगता येईना.

डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, रजिस्टरात आहे त्यावर मी सही करणार. नाही त्यावर कशी करू?" मग म्हणाले, "वाचलेल्यांपैकी कुणी लिहून दिलं तर बघा. खाली मी चार ओळी घालीन."

मला बोरगावची पोर आठवली. लग्नाला वर्ष नव्हतं झालं तेव्हा आली होती. भिंतीवर पन्नासच्या वर रेघा झाल्या होत्या तिच्यासाठी. शुद्धीवर येताना माझं मनगट धरून ती पुटपुटली होती, "म्या न्हाय प्याले, बाई. मला पाजलं." मी ते ऐकलं होतं. आणि टेबलाशी जाऊन वांती-भेदी लिहिलं होतं.

रविवारी एस्टीनं बोरगावला गेले. घर सापडलं. सासूनं चहा केला, साखर सढळ घातली. मी भीत भीत विषय काढला, फक्त एका कागदावर अंगठा हवा आहे म्हटलं. सासू थंडपणे म्हणाली, "आमच्यात कोन कवा इख प्यालंय? हिला जुलाब झालतं. व्हय गं?"

पोर काखेला मूल घेऊन दारात उभी होती. "व्हय," ती म्हणाली. "जुलाबच झालतं."

मी उठले. स्टँडच्या वाटेवर ती मागून आली, घागर घेऊन, पाण्याच्या निमित्तानं. मला वाटलं माफी मागेल.

"रागावू नगासा बाई," ती म्हणाली. "तुमी लिवलायसा तेच म्या सांगितलं."

यात टोमणा नव्हता. मी लिहिलं ते बरोबरच आहे अशा थाटात तिनं ते सांगितलं आणि विहिरीकडं वळली. मला इतकी लाज वाटली की स्टँडवर ओळखीची एक बाई दिसली तर मी तोंड फिरवून उभी राहिले.

त्याच आठवड्यात भर दुपारी एका शेतकऱ्याच्या बायकोला बैलगाडीतून आणली. तोच वास, तीच बुब्बुळं. तासाभरात ती हाती लागली. दीर टेबलाशी येऊन वाकला. "पाया पडतो बाई, तसलं काय लिवू नगासा."

मी लिहिलं, विषप्राशन. हा शब्द कानडीत कधी लिहिला नव्हता, म्हणून एकेक अक्षर जुळवत लिहिला. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढं बोरगावची पोर होती, हे खरं. एजन्सीचा फॉर्म टेबलाच्या खणात होता, हेही खरं. मी कुणासाठी लिहिलं हे मी त्या दिवशी स्वतःला विचारलं, आज सत्तरी ओलांडल्यावरही विचारते, आणि दर वेळी उत्तर वेगळं येतं. डॉक्टरांनी रजिस्टर बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पोलिसांना चिठ्ठी लिहिली.

ती बाई वाचली, आणि चौथ्या दिवशी उठून बसल्याबरोबर तिनं मला शिव्या दिल्या. नवऱ्याला नेलं होतं. दावणीची बैलं कोण सोडणार, म्हणून ती रडत होती. मी तिच्या उशाशी उभी राहून ऐकत होते. तिची बाजू खरी की माझी, हे मला ठरवता येईना.

पण आता मागं कसं फिरायचं? पुढची आली, तेही खरं लिहिलं. मग आणखी एक. सहा महिन्यांत रजिस्टरात पाच ओळी झाल्या. पंचक्रोशीत माझं नाव पडलं, 'लिवनारी बाई'. बाजारात भाजीवाल्या बायका माझ्याशी दोन शब्द कमी बोलायला लागल्या. फौजदार दारात आल्यामुळं एखाद्या घरातला मार थांबला असेल, असं मी स्वतःला सांगायची. असेलही.

अण्णानं उतारा टाइप केला. पाचच ओळींचा. खाली डॉक्टरांनी इंग्रजीत स्वतःच्या हातानं लिहिलं, हिला हे काम येतं, माझ्यापेक्षा बरं येतं. मुंबईत मुलाखतीला परदेशी मेट्रन होत्या. त्यांनी उताऱ्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, ॲट्रोपिन कधी थांबवाल? माझ्या मोडक्या इंग्रजीत मी डोळ्यांचं सांगितलं, कोरड्या तोंडाचं सांगितलं, भिंतीवरच्या रेघाही सांगितल्या. त्या हसल्या. माझी निवड झाली. पाच बायकांच्या जोरावर झाली, आणि त्यातल्या एकीनंही मला आशीर्वाद दिलेला नव्हता.

व्हिसाचा कागद आला तेव्हा आईनं तो उलटसुलट करून पाहिला, जामीन राहणाऱ्याचं नाव अण्णाकडून दोनदा वाचून घेतलं, आणि त्या अनोळखी माणसासाठी घरातल्या क्रुसापुढं मेणबत्ती लावून हात जोडले. मला आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू, फार झाला होता.

माझा राजीनामा मंजूर झाला होता, आठ दिवस उरले होते. सकाळची वेळ. बोरगावकडून जीप येताना ऐकू आली. तसा आवाज आम्हाला पाठ होता, ड्रायव्हर हॉर्नवरून हात काढत नाही. मी उठले. नळी पाण्यात टाकली, ॲट्रोपिनचा डबा उघडला, खडू हातात घेतला आणि फाटकात जाऊन उभी राहिले. जीप फाटकाशी आली, सावकाश झाली. मागच्या बाकावर कुणाला तरी आडवं घातलं होतं, लुगड्याचा काठ बाहेर लोंबत होता. पुढं बसलेल्या माणसानं मला पाहिलं. त्यानं ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी म्हणाला, आणि जीपनं परत वेग घेतला.

निपाणी तिथून आठ मैल. मी "थांबा, थांबा" म्हणत रस्त्यावर धावले. "न्हाय लिवत, आना आत!" असंही ओरडले. धुरळ्यात ते कुणाला ऐकू गेलं नसावं.

ती कोण होती, पोचली का, हे मी निपाणीत कुणाला विचारलं असतं तर तासात कळलं असतं. मी विचारलं नाही. आठव्या दिवशी मी गेले.