बोटाखालचा रस्ता

मांडवी बंदराजवळच्या चहाच्या हॉटेलात मोटारशर्यती दाखवत, तेव्हा एक अंध गृहस्थ माझ्या शेजारी टीव्हीकडे कान लावून बसत. पूर्वी ते जहाजाच्या इंजिनरूममध्ये नोकरीला होते. दृष्टी जाण्यापूर्वी, एका परदेशी बंदरात जहाज रखडले असताना, तिथल्या शहरी रस्त्यांवरूनच जाणारा शर्यतीचा मार्ग ते रोज पायी फिरले होते. त्या मार्गावरची शर्यत लागली, की इंजिनांच्या आवाजाबरोबर त्यांचे बोट टेबलावर वळणे घेई.

"एवढा एकच रस्ता मला अजून दिसतो हो," ते म्हणत.

यंदा आयोजकांनी वेळापत्रकातून नेमकी तीच शर्यत वगळली आणि तिच्या जागी एका नव्या शहरातली आणली. माझा संताप अनावर झाला.

"प्रेक्षकांना नोटीस नाही, सुनावणी नाही! मी पत्र लिहितो."

"लिवा, वकीलसाहेब! तुमच्या पत्रांनी नाक्यावरचा खड्डा तरी बुजला काय?" ते हसले.

मी सविस्तर निवेदन पाठवले. पोचसुद्धा आली नाही.

काल ती नवी शर्यत लागली. सवयीने त्यांनी बोट टेबलावर टेकवले. इंजिने गरजली, पण बोट जागचे हलले नाही.

"आता गाड्या कुठे आल्या हो?" त्यांनी मला विचारले.

पडदा समोर असूनही त्या अनोळखी रस्त्यावर त्या कुठे आहेत, ते मला सांगता येईना.