ग्वेन हुडाकनं ओटा फोडला

ग्वेन हुडाक शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं राबली. चारशे पोरांचं जेवण अकराच्या ठोक्याला तयार, त्यात कधी खंड नाही. एका हिवाळ्यात बर्फानं वीज गेली, तेव्हा तिनं एका शेगडीवर पातेल्यामागून पातेली सूप उकळून सगळ्या शाळेला वाढलं होतं, आणि मुख्याध्यापक आभार मानायला आले तर त्यांच्याच हातात डाव दिला होता. वेल्सहून अमेरिकेत आलेल्या खाणकामगारांची ती नात. त्या घराण्यात माणसं कमी बोलायची आणि एकदा ठरवलं की मागे फिरायची नाहीत. यातलं दुसरं तेवढं ग्वेनमध्ये उतरलं, पहिलं राहून गेलं, असं तिचा नवरा एमिल म्हणायचा.

एमिलचं घर पोलादाच्या गिरणीच्या वरच्या चढावर. त्याचे वडील जोसेफ हे गिरणीतले गवंडी, पोलादाच्या भट्ट्यांना आतून विटा लावणारे. एकसष्ट साली त्यांनी घराच्या बैठकीत स्वतःच्या हातानं फायरप्लेस बांधली. कामावरून यायचे, जेवायचे आणि रोज विटांचा एक थर चढवायचे. सतरा वर्षांचा एमिल चुना-सिमेंट कालवायला. बांधता बांधता ती फायरप्लेस जमिनीपासून छतापर्यंत गेली आणि अख्खी भिंत खाऊन बसली. विटा काळपट तांबड्या, कलेजीच्या रंगाच्या. वर जाडजूड काळी फळी. आणि समोर, खोलीत दोन फूट पुढे आलेला, टीचभर उंचीचा विटांचाच ओटा. शेजारीपाजारी बघायला आले होते म्हणे.

ग्वेन नवी नवरी म्हणून त्या खोलीत शिरली तेव्हा तिला भर दुपारी तळघरात आल्यासारखं वाटलं होतं. सासऱ्यांसमोर ती बोलली नाही. सासरे गेल्यावरही एमिलच्या तोंडाकडे बघून बोलली नाही. चौऱ्याऐंशी साली सगळ्यांच्या घरी पितळेचं खूळ आलं होतं, तेव्हा तिनं हौसेनं काचेची पितळी दारं आणून तिथं बसवली आणि ती खोली आणखीच वाईट करून ठेवली.

मग एमिलचे डोळे गेले. अगदी अंधार नाही, पण मधोमध डाग पडला. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाहीसं व्हायचं. माणसाशी बोलताना तो तिरका बघायचा, त्यामुळे नवख्यांना वाटायचं की म्हाताऱ्याला शिष्टपणा आहे. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, मार्च महिन्यात, कॉफीचा कप हातात घेऊन तो बैठकीतून चालला होता. ओट्याला अडखळला आणि मनगट मोडून घेतलं.

हाताला प्लास्टर घातल्यावर दवाखान्यातून एक नर्स घर बघायला आली. खोलीच्या दारात उभी राहून ती म्हणाली, "ग्वेन, तुमच्या गालिच्याचा रंग कोणता?"

"तपकिरी."

"ओट्याचा?"

ग्वेननं गालिचा बघितला, ओटा बघितला, भिंत बघितली, वरची फळी बघितली. सगळा एकच चिखल.

"त्यांना हे वेगवेगळं दिसतच नाही," नर्स म्हणाली. "जिथं एक गोष्ट संपते आणि दुसरी सुरू होते, तिथं रंग बदलला पाहिजे. काळ्याला पांढरं लागून हवं."

त्याच संध्याकाळी जेवताना ग्वेननं सांगून टाकलं. "एमिल, ही भिंत मी पांढरी करणार आणि ओटा काढणार."

एमिलचा काटा हवेतच थांबला. "बाबांच्या विटांना रंग? मी डोलोरेसकडे राहायला जाईन."

"जा. तिच्याकडं तीन मांजरं आहेत, तीही तपकिरीच आहेत."

डोलोरेस म्हणजे एमिलची धाकटी बहीण. रविवारी चर्चहून ती थेट इकडेच आली, डोक्यावरची टोपीही न काढता. "ग्वेन, मी ऐकलं ते खरं का? बाबांची एवढी एकच तर खूण उरली आहे!"

"खूण राहील गं. फक्त उजळ राहील."

"पांढऱ्या विटा! दवाखान्यासारख्या!"

"तुझा भाऊ परत पडला तर खऱ्या दवाखान्यातच बसशील," ग्वेन म्हणाली आणि तिच्यापुढं कोबीत गुंडाळलेल्या खिम्याची ताटली ठेवली. डोलोरेसनं टोपी काढली, पण मत बदललं नाही.

ग्वेननं एका ठेकेदाराला बोलावलं. तो टेप लावून भिंत मोजत हिंडला. वरून दगडाचं आवरण घालू म्हणाला आणि कागदावर सहा हजार डॉलर लिहून देऊन गेला. त्यांच्या पेन्शनीत ते बसणारं नव्हतं. ग्वेननं तो कागद एमिलला वाचून दाखवला. "सहा हजारांत तर मी नवीन नवरा आणीन. डोळेवाला."

"मिळाला तर मलाही दाखव," एमिल म्हणाला. "बाजूनं."

तेव्हा तिनं ठरवलं की हे आपणच करायचं. तळघरात सासऱ्यांच्या उरलेल्या विटांची चळत होती. चार विटा तिनं वर आणल्या, घासून धुतल्या. दुकानातून चुन्याची पिशवी आणली. एका विटेला अगदी पातळ हात दिला, एकीला दोन, एकीला तीन, आणि चौथी तशीच ठेवली. चारही तपकिरी गालिच्यावर ओळीनं मांडून तिनं एमिलला खुर्चीत बसवलं.

"काय काय दिसतं, सांग."

एमिलनं मान तिरकी केली. बराच वेळ बघितलं. मग हातातली काठी पुढे करून तीन वेळा चुना लावलेल्या विटेवर बरोबर टेकवली. "ही." थोडं थांबून दुसरीवर टेकवली. "ही पण, थोडी." मग काठी इकडेतिकडे फिरवत राहिला. "बाकीच्या कुठंयत?"

 ग्वेननं त्याचा हात धरून चौथ्या विटेवर ठेवला. एमिल ती वीट चाचपत राहिला.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "विटांना लाव चुना. पण ओट्याला हात लावायचा नाही."

"अरे, पडलास तो ओट्यावरूनच!"

"तो पांढरा कर. काळा कर. पण फोडायचा नाही."

"का?"

"बाबांचं काम आहे."

"भिंतही बाबांचंच काम होतं की!"

यावर एमिलनं रेडिओ मोठा केला. ग्वेनला हे काही पटलं नाही. हा माणूस भिंत सोडतो आणि ओटा धरून ठेवतो, यात काहीतरी पाणी मुरतंय, असं तिला वाटलं. पण ती थांबली नाही. धुरांडी साफ करणाऱ्या क्लाइडला तिनं बोलावलं. तो डोकं आत घालून, वर दिवा मारून सगळं बघून आला. धुरांडं ठणठणीत होतं.

"ओटा काढला तर चालेल का?" तिनं विचारलं.

"चालेल. पण समोर वीस इंच दगड पाहिजेच, जमिनीलगत. ठिणगी गालिच्यावर पडली तर घर जाईल. दगडात कंजुषी करू नकोस."

दगड विकत घ्यायचा म्हणजे पुन्हा खिशाला भोक. पण त्याच आठवड्यात ग्वेन तिच्या जुन्या स्वयंपाकघरात मैत्रिणींना भेटायला गेली, तर शाळेच्या मागच्या दारात ढीग पडलेला. वरच्या मजल्यावरचे वर्ग नवे करत होते आणि भिंतीतले जुने फळे काढून टाकले होते. अस्सल पाटीच्या दगडाचे, काळेशार. पहारेकऱ्याला तिनं सव्वीस वर्षं गरम सूप पाजलं होतं. त्यानं विचारलंसुद्धा नाही, फळे उचलून तिच्या गाडीत घालून दिले.

फळे अंगणात उतरवताना बघून एमिलला कळलं की ओट्याचं आता काही खरं नाही. "तू ऐकणार नाहीस," तो म्हणाला.

"नाही. पुढच्या वेळी तू डोकं फोडून घेशील आणि मी तो ओटा पुसत बसेन. नाही ऐकणार."

जूनच्या एका शनिवारी सकाळी ग्वेननं डोळ्यांना चष्मा लावला, डोक्याला रुमाल बांधला आणि घण उचलला. डोलोरेस पहारा करायला आली होती. मांडीवर पर्स घेऊन ती खुर्चीच्या कडेवर बसली. एमिल तिच्या शेजारी, दोन्ही हात काठीवर.

पहिला घाव बसला आणि आवाज आला पोकळ, रिकाम्या पिंपासारखा. ग्वेन थबकली. दुसऱ्या घावाला वरच्या विटा आत कोसळल्या. भट्ट्या बांधणाऱ्या माणसाचा ओटा दोन घावांत गेला! ती गुडघ्यावर बसून आत हात घालू लागली. विटांचे तुकडे. बिअरचे डबे. सार्डिन माशांचे टिन. चुरगळलेली वर्तमानपत्रं. एक फाटका बूट. ओटा आतून असाच भरलेला होता.

"हे बाबांनी केलं?" डोलोरेस उठून उभी राहिली. "बाबांनी? दोन विटांमध्ये केस गेला तरी ते थर पाडून पुन्हा लावायचे!"

ग्वेननं तो बूट बाहेर काढून जमिनीवर ठेवला. मग एमिल म्हणाला, "मी केलं."

दोघींनी त्याच्याकडे बघितलं. तो नेहमीसारखा तिरका, खिडकीकडे बघत होता.

"बाबांना रात्रपाळी होती. मला म्हणाले, आत खडी आणि सिमेंट नीट ठासून भर, वरच्या विटा लाव, सकाळी बघतो. आणि त्या संध्याकाळी क्लबात नाच होता. मग हाताला लागेल ते आत ढकललं, वरून विटा बसवल्या आणि गेलो."

"आणि बाबा?" डोलोरेसनं विचारलं.

"सकाळी आले. बुटाच्या टाचेनं दोनदा ठोकून बघितलं. माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत. मरेपर्यंत बोलले नाहीत." त्यानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "दर नाताळात सगळी जणं फोटोला त्या ओट्यावर बसायची, आणि मला वाटायचं, आत्ता खचेल."

डोलोरेसचं तोंड उघडंच राहिलं. "मी तिथं बसायचे! माझ्या तान्ह्या पोराला घेऊन बसायचे!"

"खचला नाही ना पण!"

डोलोरेसनं पर्सनं त्याच्या खांद्यावर फटका मारला, दुसरा मारायला गेली आणि मधेच हसू फुटून खाली बसली. हसता हसता तिचे डोळे गळायला लागले. ग्वेन तो बूट हातात घेऊन एमिलपाशी आली. एकावन्न वर्षं या माणसानं हे पोटात ठेवलं होतं, त्यातली सेहेचाळीस तिच्या शेजारी झोपून. तिला त्याचा राग येत होता आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटत होतं.

"नाचाला कोण होती रे?" तिनं विचारलं.

"आठवत नाही."

"खोटारडा. चल, आता बोलून झालं. बादली इकडे सरकव. डोलोरेस, तू फावडं घे."

आणि डोलोरेसनं चर्चच्या बुटांत फावडं घेतलं.

पुढचं काम सोपं गेलं असं नाही. ग्वेननं पहिला चुना घाईत लावला, विटा पुरेशा भिजवल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी हात फिरवला तर सगळी भुकटी तळव्याला. भिंतीवर नुसते ढग. डोलोरेस म्हणाली, "बघ, बाबांना पसंत नाही." ग्वेननं अख्खी भिंत ब्रशनं घासून धुऊन काढली. तीन दिवस तिचा उजवा खांदा वर जात नव्हता, म्हणून ती डाव्या हातानं लावत गेली. या वेळी आधी विटा पाण्यानं चिंब केल्या, मग चुना ताकाइतका पातळ करून एक हात, वाळल्यावर दुसरा, मग तिसरा. विटांचे थर मात्र बुजू दिले नाहीत. सासऱ्यांची रेघ न् रेघ वर दिसत राहिली. पितळी दारांना तिनं उष्णतेला टिकणारा काळा रंग दिला. ओट्याच्या जागी जमिनीलगत शाळेचे फळे बसवले; कापताना दोन तडकले, बाकीचे पुरले.

वरची जाड फळी एमिलनं घेतली. प्लास्टर निघालं होतं. अंगणात ती आडवी टाकून तो आठवडाभर घासत बसला, बोटांनी चाचपत, खडबडीत लागेल तिथं पुन्हा घासत. काळा थर गेला आणि आतून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं. "डोळे असते तर एवढं गुळगुळीत झालं नसतं," तो म्हणाला, आणि हे खरंच होतं.

सगळं मिळून दोनशे बारा डॉलर गेले. ग्वेननं तो आकडा त्या ठेकेदाराला फोन करून कळवला.

नोव्हेंबरात पहिला जाळ केला. डोलोरेस कोबी-शेवयांचं पातेलं घेऊन आली. दारातच थांबून तिनं भिंतीकडे बघितलं. "थर सरळ आहेत," एवढंच म्हणाली. तिच्याकडून हे पुष्कळ होतं. एमिल काठी न घेता खोलीत आला. पांढऱ्या भिंतीच्या दिशेनं चालत गेला. गालिचा संपून जिथं काळा दगड सुरू होत होता, तिथं त्याचे पाय आपोआप थांबले. तो वाकला, लाकडाचा ओंडका चाचपून उचलला आणि स्वतः आत सरकवला. ग्वेन दोन पावलं मागे उभी होती, हात पुढे करून. तिनं हात खाली घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एमिलला तळघराच्या जिन्यावरून खरवडल्याचा आवाज आला.

"ग्वेन, आता काय चाललंय?"

"पायऱ्यांच्या कडा पांढऱ्या करतेय."

एमिल जिन्याच्या दारापर्यंत आला. "त्या मात्र खरंच बाबांनी केल्यात," तो वरून ओरडला.

"बरं झालं," खालून आवाज आला. "म्हणजे फोडायला लागणार नाहीत."