घासून ठेवलेले प्लग

आमचा पेट्रोलवरचा छोटा ट्रक वडिलांच्या वेळचा. आंब्याचा हंगाम सुरू होण्याआधी त्याचं ट्यूनिंग दरवर्षी हातखंब्याच्या गॅरेजचे चाचा करतात. यंदाही त्यांनी इंजिनात ठिणगी टाकणारे चारही प्लग बदलले, वायरी नव्या घातल्या आणि ट्रक कुरकुर न करता घरी आला.

दुसऱ्या दिवशी सीटखाली नव्या प्लगची चार खोकी सापडली. आत प्लग, तेही चकचकीत. मी निवृत्त मास्तर, दुसऱ्याची चूक सापडल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही. इंजिनातला एक प्लग काढून पाहिला तर टोक काळं. म्हणजे चाचांनी आळस करून जुनेच ठेवले, असा निकाल मी तिथल्या तिथे दिला. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळा होऊन खोक्यातले चारही प्लग इंजिनात बसवले. काढलेले त्याच खोक्यांत भरले.

निवळीच्या घाटात ट्रक गचके खाऊ लागला. कसाबसा गॅरेजला आणला. तिथे एक अनोळखी गृहस्थ जीप घेऊन पहिल्यांदाच आले होते. मी त्यांच्यादेखत चाचांना सुनावलं, "काम न करता झालं म्हणून सांगता? आणि आणलेत तेही डुप्लिकेट? वडिलांपासूनचा विश्वास हो आमचा."

चाचांनी इंजिनातला एक प्लग काढून मला त्याचं झिजलेलं टोक दाखवलं. मग मी भरलेल्या खोक्यातला एक फडक्याने पुसला. एका दिवसाची काजळी निघाली आणि खालून कोरं टोक दिसलं. काढलेले जुने प्लग घाटात अडीअडचणीला असावेत म्हणून यंदा चाचांनी ते पेट्रोलने धुऊन, घासून, नव्यांच्या खोक्यांत घालून दिले होते. चकचकीत होते ते जुने होते.

"काय झालं?" जीपवाल्यांनी विचारलं.

"चूक माजीच," चाचा म्हणाले. "मास्तरांना सांगायचा ऱ्हायला."

मी फक्त 'नाही, चूक माझी' एवढंच म्हणायला हवं होतं. जन्मभर पोरांना उभं करून तेच वदवून घेतलं. पण माझी जीभ उचलली नाही. जीपवाले "उद्या बघू" म्हणून निघून गेले आणि चाचा वाकून माझे प्लग बसवत राहिले. लाज वाटत होती, तरी मी घड्याळच बघत होतो.

परवा गॅरेजला गेलो तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ते जीपवाले आले का हो परत?"

"नाय आले."

"असतात एकेक माणसं संशयी," मी म्हणालो.

चाचांनी हात पुसत माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "असतात, मास्तर. बसा, चाय घ्या."