पश्चिमेच्या भिंतीतला खुंटा

मी भित्री बाई नाही. विहिरीत दोर धरून उतरलेय, बुटातला विंचू झटकून तोच बूट पुन्हा घातलाय, आणि "बाईमाणसाला काय कळतं पाण्यातलं" म्हणणाऱ्यांना तिथल्या तिथे गप्प केलंय. पण देवळ्याकडच्या एका विहिरीत मी माझ्या हाताने एक लाल बाण काढला होता, त्याची भीती मला आजतागायत पुरलीय. ती सांगायची तर आधी माझा धंदा सांगावा लागेल.

भूगर्भशास्त्र शिकले, काही वर्षं नोकरी केली, साहेबाशी भांडून सोडली आणि नाशकात भूजल सल्लागार अशी पाटी लावली. ही नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं. नवरा ओझरला विमानांच्या कारखान्यात, मुलगी शाळेत, आणि मी सटाण्याच्या नाहीतर पेठच्या एसटीत. लोक मला 'पाणी दाखवणारी ताई' म्हणायचे. तळहातावर नारळ उभा करून पाणी सांगणाऱ्या बुवाच्या रांगेत मला बसवायचे, याचा मला भयंकर राग यायचा.

त्या दिवसांत आडव्या बोअरचं वेड आलं होतं. जुनी विहीर कमी पडायला लागली की तळाशी उतरून तिच्या भिंतीत मशीनने आडवं भोक पाडत न्यायचं, पन्नास फूट, शंभर फूट, ओल लागेपर्यंत. कुठल्या भिंतीत पाडायचं ते मी सांगायची. खाली उतरायचं, दगड बघायचा, झिरपा कुठून येतो ते बघायचं आणि लाल ऑइलपेंटने बाण काढायचा. मग मालक बाणाखाली नारळ फोडायचा. तिकडची रीत अशी, की बाणाखाली नारळ फुटला की जागा पक्की. मग ब्रह्मदेव आला तरी ती बदलायची नाही, आणि बाण पुसायचा तर नाहीच नाही.

त्या विहिरीचे मालक पन्नाशीचे, शांत, कमी बोलणारे. कांद्याचं शेत, चिरेबंदी विहीर, दोन बैल, सगळं जिथल्या तिथे. मी त्यांना दादा म्हणायची. त्यांच्या बायकोने, वहिनींनी, गेल्या गेल्या तांब्याभर पाणी दिलं. इतकं गोड पाणी, की मी विचारलं, तुमच्या विहिरीचं का? तर म्हणाल्या, नाही हो, गावविहिरीचं. दोन शेतं पलीकडे गावविहीर होती, अख्खं गाव आणि शाळा तिच्यावर. ओढ्याच्या वरच्या अंगाला, पश्चिमेला.

मी विहिरीत उतरले. पश्चिमेची भिंत ओली होती. फार विचार करावा लागला नाही, आणि तिथेच मी माती खाल्ली. मी पश्चिमेला बाण काढला, दादांनी नारळ फोडला, मशीनवाले दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. सार्वजनिक विहिरीच्या आसपास नवी विहीर खोदू नये असा कायदा तेव्हा नुकताच झाला होता आणि तो मला तोंडपाठ होता. पण विहीर जुनीच, आत नुसतं भोक पाडायचं, त्याला कोण विचारतंय, असं सगळेच म्हणत. मीही म्हणाले. शहाणीच ना मी.

परतताना ओढा ओलांडला. ओढ्याच्या पात्रात काळ्या कुळकुळीत दगडाची एक पट्टी आडवी गेलेली दिसली, बांध घालावा तशी सरळ. तिच्या वरच्या अंगाला लव्हाळा हिरवागार, खालच्या अंगाला फुफाटा. मी ते बघितलं, वहीत टिपलं आणि एसटी चुकेल म्हणून पळाले.

संध्याकाळी घरी नकाशा काढायला बसले. मुलगी शेजारी पाढे म्हणत होती. दादांची विहीर मांडली, गावविहीर मांडली, ओढा काढला, त्यात ती काळी पट्टी काढली. असला दगड जमिनीखाली भिंतीसारखा खोल आणि लांब जातो, हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात. म्हणून फूटपट्टी ठेवून त्या दगडाची रेघ पुढे ओढली. ती रेघ दोन्ही विहिरींच्या बरोबर मधून गेली.

गावविहिरीचं पाणी त्या काळ्या भिंतीने अडवून धरलं होतं, आणि माझा बाण त्या भिंतीकडे रोखलेला होता. बोअर तिला भेदून गेलं की वरचं सगळं पाणी दादांच्या विहिरीत उतरणार. गाव कोरडं. वहिनींचा तांब्यासुद्धा कोरडा.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून गावातल्या एकुलत्या एका फोनवर, किराणा दुकानात, फोन लावला. लाइन मेलेली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. नवरा म्हणाला, अगं चिठ्ठी दे कुणाजवळ तरी, एवढं काय. मी त्याच्यावर खेकसले. नंतर वाईट वाटलं, पण तेव्हा मी घाबरले होते आणि त्याला ते दिसू द्यायचं नव्हतं.

सकाळची पहिली एसटी धरली. ओझर गेलं, पिंपळगाव गेलं, आणि मी मनात गज मोजत होते. मशीनचा एक गज, म्हणजे भोकात सरकवायचा लोखंडी दांडा, पाच फुटांचा. नकाशावरून ती भिंत पन्नास फुटांवर. म्हणजे दहावा गज आत गेला की संपलं. आठला सुरू केलं असेल तर? आणि भोक फुटून पाण्याचा लोंढा आला तर खाली उभ्या माणसांचं काय? ड्रायव्हरने चहाला गाडी थांबवली तेव्हा मी त्याला असं काही बोलले, की बिचाऱ्याने बशीतला चहा तसाच टाकला.

फाट्यावर उतरले तर लांबून कॉम्प्रेसरचा आवाज येत होता. पळत सुटले. काठावर गेले तेव्हा आठवा गज जात होता. भोकातून येणारा चिखल मी वाकून बघितला. अजून राखाडी होता. काळा नव्हता. मी दोन्ही हात हलवून मशीन बंद करायला लावलं.

दादा आले, मशीनवाले वर आले, चार शेजारी जमले. एसटीत मी सगळं पाठ केलं होतं: काळा दगड, अडलेलं पाणी, गावविहीर. पण त्या माणसांची तोंडं बघितली आणि मला दुसरंच भय वाटलं. तिकडे पाणी आहे, भरपूर आहे, पण घेऊ नका, असं सांगितलं तर एप्रिलमध्ये कोण ऐकणार? ज्याची विहीर त्याचं पाणी, हाच तिकडचा न्याय. आज दादा थांबतील, उद्या दुसरा कुणी भोक पाडेल. जागा तर मीच दाखवून ठेवली होती.

दादा माझ्याशी एरवी जपून शहरी बोलायचे. त्या वेळी मात्र त्यांच्या तोंडून घरची अहिराणी निसटली. "तठे पानी शे ना, ताई?"

"नाही," मी म्हणाले. "चुकले मी. तिकडे थेंब नाही. मशीन काढा."

वहिनींनी पुन्हा पाणी आणून दिलं आणि ते पिताना मला त्यांच्याकडे बघवेना. मी फाट्यावर येऊन मिळेल त्या गाडीत बसले.

बोभाटा व्हायचा तो झालाच. देवळ्याच्या बाजारात नारळवाल्या बुवाने म्हणे सांगितलं, ताईच्या बाणाला दुसऱ्या दिवशी गंज चढतो. त्या तालुक्यातलं माझं काम बसलं. त्याचं मला फार वाईट वाटलं नाही असं म्हणाले तर खोटं होईल. पण खरी धास्ती वेगळीच होती. बाण तिथेच होता, कारण बाण कुणी पुसत नाही. दर फाल्गुनात पेपरात टँकर लागलेल्या गावांची यादी आली की मी नाव न् नाव वाचायची. त्या गावाचं नाव कधी आलं नाही. हळूहळू मी स्वतःला सांगायला लागले, की माझं खोटं टिकलं.

मोबाइल आले, मुलगी कॉलेजात गेली, आणि एका फेब्रुवारीत फोन आला. दादांचा मुलगा बोलत होता. आता शेती तोच बघत होता. विहिरीत पश्चिमेच्या भिंतीत एक भोक आहे, त्यात लाकडाचा खुंटा ठोकलाय, त्याच्या कडेने पाणी पाझरतंय, खुंटा काढावा म्हणतो. पण बाप ऐकत नाही. बापाचं एकच, ताईला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

मी थांबवलं तेव्हा भोक कोरडं होतं. कोरड्या भोकाला खुंटा कोण ठोकतं?

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून गेले, तर दादा विहिरीच्या काठावर बाजेवर बसले होते. गुडघे गेलेले, हातात काठी. मुलगा चहा सांगायला घराकडे गेला, तेवढ्यात त्यांनी सगळं सांगून टाकलं. त्या दिवशी माझी गाडी फाट्यावरून हलली आणि त्यांनी मशीन पुन्हा चालू केलं होतं. दहाव्या गजाला काळा चिखल आला, अकराव्याला पाण्याची धार. मशीनवाला नाचला. दादांनी दोन वाफे भिजवले. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी गावविहिरीवरून रिकामी घागर घेऊन परत आल्या आणि म्हणाल्या, दोर पुरला नाही.

"तेव्हा कळलं तुम्ही का खोटं बोलला," दादा म्हणाले.

"पण मी नाही म्हणाले होते. तरी तुम्ही मशीन चालू केलंत?"

"नसलेल्या पाण्यासाठी कोण अडीच तास एसटीत धक्के खात येतं, ताई?"

मी शहाणी समजत होते स्वतःला. माझ्या खोट्यानेच त्यांना पाणी दाखवलं होतं.

त्यांनी त्याच दिवशी बाभळीचा खुंटा तासला, गोणपाटात गुंडाळला आणि घणाने भोकात ठोकला. गावात सांगितलं, भोकाला लागला तो नुसता झिरपा होता, आटला. मशीनवाला खानदेशातला, तो गेला निघून. तेव्हापासून दर वर्षी होळीच्या आधी ते एकटे उतरायचे आणि ढिला झालेला खुंटा ठोकून यायचे. मधे दोनदा नवा घातला. मी नाशकात पेपर उघडताना घाबरायची आणि ते इथे रात्रंदिवस. वहिनी गेल्या तेव्हाही, म्हणाले, पहिला विचार मनात आला तो खुंट्याचा, आणि स्वतःचीच लाज वाटली. आता दोन वर्षं त्यांना उतरवत नव्हतं.

मुलगा चहा घेऊन आला. उभ्या उभ्या म्हणाला, बोला ताई, काय आहे त्या भोकात?

दादा माझ्याकडे बघत होते. मुलगा तरणा, कर्ता, शेततळ्याची स्वप्नं बघणारा. हो म्हणाले तर दुपारपर्यंत खुंटा बाहेर. नाही म्हणाले तर? त्याचा अनुभव एकदा घेतला होता. खोटं बोलून काय होतं ते समोर बाजेवरच बसलेलं होतं.

"पाणी आहे," मी म्हणाले. "भरपूर. पण ते गावविहिरीचं आहे." आणि मग बारा-तेरा वर्षांपूर्वी एसटीत पाठ केलेलं सगळं त्याला सांगितलं, आणि वर आत्ताच कळलेलं त्याच्या आईच्या दोराचंही. त्यातलं दोराचं त्याला आठवत होतं. तेव्हा तो शाळेत होता, त्या दिवशी शाळेत प्यायला पाणी नव्हतं.

तो बापावरच चिडला. "गाव पाणी पितं, आणि खुंटा एकट्या तुम्ही ठोकायचा? का म्हणून?"

घण उचलून तो विहिरीत उतरला. आम्ही दोघं वर बसून राहिलो. ठण, ठण, आवाज यायला लागला. काढायचा तर कडेने घाव घालून आधी ढिला करतात, ठोकायचा तर समोरून. वरून मला काही कळत नव्हतं. दादा मान एका बाजूला कलती करून ऐकत होते.

"आत चाललाय," ते म्हणाले, आणि टोपी काढून त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

त्याच दिवशी दुपारी मुलगा मला गावातल्या पारावर घेऊन गेला आणि मी सगळ्यांसमोर सगळं सांगितलं, माझ्या बाणासकट. लोक खवळतील असं वाटलं होतं. दोघं-तिघं खवळलेही. एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, मग दर साल कोण ठोकणार? त्यावरून बराच वाद झाला आणि शेवटी पाळी ठरली. दर वर्षी एक घर, होळीच्या आधी.

मला वाटलं होतं आता झोप लागेल. कसली लागते. आधी दोन माणसांना ठाऊक होतं, आता अख्ख्या गावाला ठाऊक आहे, आणि पाऊस हुकलेल्या वर्षी गावातला कुणीही हातोडा घेऊन उतरू शकतो. दादा गेले, तरी होळी जवळ आली की मी फोन हातात घेते, दोनदा खाली ठेवते आणि मग लावते. मुलगा उचलतो. त्याला ठाऊक असतं मी कशाला केलाय. नमस्कार नाही, चमत्कार नाही, तो एवढंच म्हणतो:

"ठोकला, ताई."